रोजमुऱ्याचा शिपाई

गोकुळ रोडवर आमच्या घरी महिन्यातून एकदा पाचसात वाचनप्रिय मंडळी जमतात. निम्मे बोलणे मराठीत, निम्मे कोकणीत, आणि चहा येताच थोडे कानडीत, असा आमचा रिवाज आहे. गेल्या बैठकीत अठराव्या शतकातील परदेशी पलटणींचा विषय निघाला. एका तरुण स्नेह्यांनी ‘भाडोत्री जर्मन’ हे दोन शब्द असे उच्चारले की, त्या लोकांविषयी आणखी काही बोलावयाचे उरलेच नाही असे वाटावे. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या, आम्ही सारे ज्यांना आक्का म्हणतो त्या वृद्ध बाई हळूच म्हणाल्या, “पोटाखातीर गेल्ले न्हय रे ते?”

चर्चा तेथून वेगळ्या वाटेला लागली, आणि प्रस्तुत लेखाचा जन्मही त्या प्रश्नातूनच झाला. भाड्याने लढणाऱ्या शिपायाविषयी वाङ्मयाने काय लिहिले, आणि आपल्या मराठी लेखकांनी त्याला किती न्याय दिला, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

हुबळी-धारवाडकडच्या माणसाला ‘जर्मन’ म्हटले की बासेल मिशन आठवते. धारवाडास १८३७ साली आणि हुबळीस १८३९ साली त्यांची ठाणी झाली. किट्टल साहेबांचा १८९४ चा कानडी कोश आणि मंगळुरी कौले ही त्याच परंपरेतली. परंतु दक्षिणेत जर्मन माणूस पंचांग, कोश आणि कौले यांच्या अर्धे शतक अगोदर बंदूक घेऊन उतरला होता. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचाही अधिपती होता. त्या प्रांतात १७८१ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी पायदळाच्या दोन पलटणी उभारण्यात आल्या आणि त्यांची रवानगी मद्रासेस झाली. जून १७८३ मध्ये कडलूरच्या लढाईत त्या फ्रेंचांविरुद्ध लढल्या. हॅनोव्हरच्या शेतकऱ्याच्या पोराला फ्रेंचांचे वा म्हैसूरकरांचे वैर कोठले? कर्नाटकाच्या उन्हात, तापात आणि हगवणीत त्याने वर्षे काढली. कोणी तेथेच मातीआड झाले, कोणी मुदत संपल्यावर परत गेले, आणि कोणी अधिक पगाराच्या आशेने देशी संस्थानिकांच्या छावण्यांकडे वळले.

याच सुमारास अमेरिकेतल्या युद्धासाठी हेसे-कासेल व इतर लहान संस्थानांनी मिळून सुमारे ३०,००० शिपाई इंग्लंडला पुरविले. पैसा संस्थानिकाच्या तिजोरीत, आणि मरण रयतेच्या घरात! विशेष हे की या व्यवहाराचा पहिला मोठा वाङ्मयीन निषेध जर्मनांच्याच भाषेत झाला. शिलर हा व्यूर्टेंबर्गच्या ड्यूकच्या लष्करी शाळेत वाढला, त्याच्याच पलटणीत वैद्य झाला, आणि १७८२ साली तेथून पळाला. त्याचे ‘काबाले उंड लीबे’ हे नाटक १७८४ चे. त्यातल्या एका प्रवेशात ड्यूकच्या प्रेयसीकडे रत्नांची पेटी येते. ती आणणारा म्हातारा नोकर तिला सांगतो की, या रत्नांची किंमत अमेरिकेस धाडलेल्या सात हजार माणसांनी चुकती केली आहे, आणि त्यांत त्याची स्वतःची मुलेही आहेत. एवढ्या थोड्या संवादात एवढा मोठा आरोप उभा करणारा प्रवेश पाश्चात्त्य रंगभूमीवर क्वचितच असेल. त्याच ड्यूकने पुढे १७८७ च्या सुमारास एक पलटण डच कंपनीला केप प्रांतासाठी विकली. तिच्यातले कित्येक लोक पुढे सिंहलद्वीप आणि जावा येथे पोहोचले, आणि घरी परतले ते फारच थोडे.

तथापि या प्रवेशात एक उणीव आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. विकला गेलेला शिपाई रंगभूमीवर येतच नाही. त्याचा बाप येतो, रत्ने येतात, बाईचे डोळे पाणावतात. पण जो जहाजावर चढला त्याच्या स्वतःच्या तोंडून एक शब्दही थेट आपल्या कानी पडत नाही. करुणेचा विषय म्हणून तो मोठा झाला, माणूस म्हणून झाला नाही. शिलरसारख्या प्रतिभावंताची ही गत, तर आपल्याकडच्या नाटककारांना फार बोल लावता येणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी मनात भाडोत्री शिपाई म्हणजे गारदी, आणि गारदी म्हणजे सुमेरसिंग. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि तेव्हापासून ‘गारदी’ हा शब्द आपल्या भाषेत शिवीसारखा रुजला. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) त्या प्रसंगावर भव्य नाटक उभे केले. रामशास्त्र्यांची करारी मूर्ती त्यात अमर झाली, हे कोण नाकारील? परंतु वाड्यात शिरलेले ते लोक थकलेल्या पगाराची तक्रार पुढे करून आले होते, ही गोष्ट आपल्या नाट्यवाङ्मयात नुसत्या निमित्तासारखी येऊन जाते. तक्रार खरी असो वा बहाणा असो, ती पटण्याजोगी होती म्हणूनच बहाणा म्हणून चालली. ज्या दरबारात शिपायाचा रोजमुरा महिनोन्महिने थकत असे, त्या दरबाराविषयी हा धडधडीत पुरावा आहे. खुन्याला क्षमा करा असे मी म्हणत नाही. परंतु कटाचा कर्ता कोण, चिथावणी कोणाची, यावर अंकच्या अंक खर्ची पडतात आणि पगाराच्या थकबाकीला एक वाक्य मिळते, हे प्रमाण मला खटकते.

याच्या उलट इब्राहिमखान गारदी. बुसीच्या तालमीत तयार झालेला, निजामाची नोकरी सोडून मराठ्यांकडे आलेला हा तोफखान्याचा सरदार. पानिपतचा वृत्तान्त लिहिणारा काशिराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. स्वतः दक्षिणी ब्राह्मण असून त्याने फारसीत लिहिले. त्याच्या वृत्तान्तात लढाईच्या सकाळचा एक प्रसंग आहे. इब्राहिमखान भाऊसाहेबांपाशी येऊन म्हणतो की, माझ्या माणसांचा पगार वेळेवर मिळावा असा हट्ट मी धरीत असे, त्याबद्दल आपली माझ्यावर इतराजी होती. या महिन्यात तर काहीच मिळाले नाही. परंतु ते असो, आज मी आपले काम करून दाखवितो. त्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, त्याच्या पलटणी तुटून पडेपर्यंत लढल्या, आणि तो स्वतः पकडला जाऊन मारला गेला.

मला हा सारा वृत्तान्त या एका प्रसंगासाठी मोलाचा वाटतो. येथे पगार मागणारा आणि प्राण देणारा एकच माणूस आहे. आपण मात्र निष्ठेची आणि वेतनाची सोयरीक जमत नाही असे गृहीत धरून बसलो. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई म्हणून तो आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा लाडका झाला. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर मागे पडला. आणि दरमहा नगद मोजून घेणारा गारदी तर परकाच ठरला.

या संदर्भात आमच्या अगदी उंबरठ्यावरचा एक ग्रंथ आठवतो. १७९० साली पुणे दरबार आणि कंपनी यांच्यात तह झाला, आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मदतीला मुंबईहून कॅप्टन लिटल याची तुकडी आली. टिपूच्या वतीने बद्रुज्जमानखान धारवाडचा किल्ला लढवीत होता. सप्टेंबर १७९० पासून वेढा पडला तो एप्रिल १७९१ च्या आरंभी उठला. या मोहिमेत एडवर्ड मूर नावाचा विशीतला अधिकारी होता. अकराबारा वर्षांचा असतानाच कंपनीच्या नोकरीत दाखल झालेला हा मुलगा मोहिमेत जखमी झाला, विलायतेस परतला, आणि १७९४ साली लिटलच्या तुकडीची व परशुरामभाऊंच्या सैन्याची हकिकत त्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

या पुस्तकातील मराठी तोफखान्याचे वर्णन पुढे इतिहासकारांनी इतक्यांदा उचलले की ते आपल्या नाचक्कीचे प्रमाणपत्रच होऊन बसले. तोफ ठासावयाची, मग सर्वांनी बसून अर्धा तास गप्पा मारीत तंबाखू ओढावयाची, मग एकदा बार काढावयाचा, आणि पुन्हा बैठक. दुपारी जेवणाच्या वेळी दोन्ही बाजूंनी जणू संमतीने गोळीबार थांबावयाचा. रात्री तोफा छावणीत परत न्यावयाच्या. तेवढ्यात आतल्या लोकांनी तट दुरुस्त करून घ्यावयाचा. वाचताना हसू येते, आणि मग आपलेच आपल्याला वाईट वाटते.

परंतु टीकाकाराने येथे जरा थांबावे. मूरला सैन्य ही घड्याळाबरहुकूम चालणारी संस्था वाटते, कारण तो तशाच संस्थेत लहानाचा मोठा झाला. गोलंदाजाला महिन्याकाठी काय मिळे, दारूगोळा किती शिल्लक होता, हे मनात आणून ते दृश्य पुन्हा पाहिले, तर तो अर्धा तास निव्वळ आळसाचा राहत नाही. आणि शिस्तीची म्हटलेली कंपनीची पलटण तरी काय करू शकली? फेब्रुवारी १७९१ मधला त्यांचा हल्ला फसला. त्यांचा वरिष्ठ कर्नल फ्रेडरिक पुढच्याच महिन्यात छावणीत वारला. किल्ला अखेर मिळाला तो बोलाचालीने. मूरच्या बाजूने एवढे खरे की, तो डोळसपणे पाहतो आणि पाहिलेले लपवीत नाही. हाच मनुष्य पुढे १८१० साली हिंदू देवदेवतांवर मोठा सचित्र ग्रंथ लिहिता झाला. भाड्याच्या शिपायाचे कुतूहल कोठवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आता जे सांगावयाचे ते आपल्यासारख्या देवळाशी नाते असलेल्या वाचकांना जड जाईल. १७९१ च्या त्याच मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदांबेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली, माणसे मारली गेली, स्वामींना स्थान सोडावे लागले. मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी स्वामींना द्रव्य पाठविले ते टिपूने; त्याची कानडी पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याच्या नरसिंहाचार यांनी उजेडात आणली. पटवर्धनांच्या कागदांतही या प्रकाराचा उल्लेख आहे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ते कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापून ठेवले, हे त्यांचे ऋण मोठे. आपल्या पक्षाला अडचणीचा कागद दडवून न ठेवणे ही संशोधकाची खरी परीक्षा होय.

पेंढारी फौजेबरोबर चाले तो पगारावर नव्हे. लूट हाच त्याचा पगार. म्हणजे ज्याला आपण तुच्छतेने भाडोत्री म्हणतो, तो ठरलेला रोजमुरा घेणारा शिपाई मठाला त्यामानाने कमी धोक्याचा होता. ज्याला धनी काहीच देत नसे, त्याच्यापुढे मूर्ती सुरक्षित नव्हती, आणि मग धनी कोणत्या धर्माचा हे विचारून उपयोग नव्हता. परशुरामभाऊंसारख्या धर्मनिष्ठ ब्राह्मण सेनापतीच्या मोहिमेत हे घडले, ही गोष्ट आपल्या कादंबरीकारांना अजून पेलावयाची आहे.

हॅनोव्हरच्या पलटणीकडे पुन्हा येतो. तिच्यातला सार्जंट म्हणून मद्रासेस आलेला, असे ज्याच्याविषयी इतिहासकार सांगतात, तो अँथनी पोलमन २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या पायदळाचा प्रमुख होता. समोर वेलस्ली. बेगम समरूच्या पलटणीही त्या दिवशी शिंद्यांकडे होत्या. तिचा दिवंगत नवरा राईनहार्ट हाही जर्मन बोलणाऱ्या मुलखातलाच. युद्धाच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढून मराठ्यांच्या नोकरीतील आपल्या प्रजाजनांना पगाराची हमी दिली, आणि कित्येक युरोपियन अधिकारी शिंद्यांना सोडून गेले. आपल्या लेखकांचा सारा राग या पळपुट्यांवर आहे, आणि तो अनाठायी नाही. पण त्या रागाच्या भरात असईचा देशी गोलंदाज नजरेआड होतो. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेली तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन तो तोफेखाली पडून राहिला, आणि मग उठून त्याच तोफा त्याने शत्रूच्या पाठीवर फिरविल्या. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दिवशी मेले वा घायाळ झाले. पुढे १ नोव्हेंबरला लासवाडीस, साहेब निघून गेल्यावरही, या पलटणी अशा लढल्या की जनरल लेकलाही त्यांच्या शौर्याची कबुली द्यावी लागली. यांपैकी एकाही गोलंदाजाचे नाव आपल्या वाङ्मयात मला आढळले नाही.

शिपायाला माणूस म्हणून पाहणारा मराठी ग्रंथ शोधू गेले तर तो एका भिक्षुकाचा सापडतो, ही मौजच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १८८३ साली लिहिला गेला आणि १९०७ साली छापून निघाला. भटजी स्वतः पोटासाठी घराबाहेर पडलेले, म्हणून वाटेत भेटलेल्या पलटणीच्या शिपायाशी ते बरोबरीने बोलतात. त्याच्या मनातले ऐकतात. त्याला ना देव करतात, ना राक्षस.

आक्कांना मी हे सारे बैठकीनंतर सांगितले. त्यांनी विचारले, धारवाडच्या वेढ्यात आपल्या बाजूच्या लोकांना पगार मिळाला होता की नाही? उत्तर खरेशास्त्र्यांच्या खंडांत शोधावे लागेल. ते खंड पुढील बैठकीपूर्वी मिळविण्याचे काम तरुण स्नेह्यांनी आपण होऊन अंगावर घेतले आहे.