गल्लीतला बास, तिकिटातला बास

न्यूक्लिया या डीजेने ‘बास रानी’ हा अल्बम २०१५ साली गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत लोकांपुढे आणला. प्रसिद्धीची चाल म्हणून ती हुशार होतीच. पण तिचे मोल त्याहून जास्त होते, कारण तोवर आपल्याकडे नामवंत डीजेचे संगीत म्हणजे मनगटाला पट्टा बांधून आत जायची गोष्ट होती. २००७मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या सनबर्न महोत्सवाने ती सवय लावली होती, आणि मंचावर मानाची जागा बहुधा युरोपातून आलेल्या पाहुण्याची असे.

उदयन सागर हे न्यूक्लियाचे खरे नाव. अहमदाबादेत १९९८मध्ये मयूर नार्वेकर आणि आणखी एका मित्रासोबत त्याने ‘बंदिश प्रोजेक्ट’ सुरू केला. पुढे तो एकटा निघाला, आणि ‘कूचा मॉन्स्टर’ यायला २०१३ उजाडले. ही लांबलचक उमेदवारी त्याच्या कामात ऐकू येते. बाजाचा तुकडा उचलून बीटवर चिकटवणारे पुष्कळ आहेत. याला तो तुकडा कुठे श्वास घेतो ते कळते.

मुळात त्याने निवडलेली डबस्टेपची चालच आपल्या ओळखीची आहे. ती मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास धावते, पण स्नेअर निम्म्या गतीने पडतो. वर लगबग, खाली डुलत जाणारे जड अंग. ढोल-ताशा पथकात हेच घडते: ताशाची तर्री सुसाट, ढोलाची थाप संथ. तासभरात एक चौकही न ओलांडणाऱ्या मिरवणुकीला अशीच लय लागते. न्यूक्लियाचा बास गल्लीत परका वाटला नाही, याचे कारण मला तरी इथेच सापडते.

कच्चा दुवा आहे तो ‘ड्रॉप’. आधी ताण चढवायचा, मग क्षणभर सगळे रिकामे करायचे आणि बास कोसळवायचा. पथक असे थांबत नाही, ते वाजवत वाजवतच चढते. ड्रॉपच्या या साच्यात लोकगायकाचा आवाज अनेकदा निव्वळ प्रस्तावना होऊन बसतो. खरा प्रसंग सिंथच्या वाट्याला जातो, आणि आवाज पंजाबी होता की तमिळ याने पुढे काही फरक पडत नाही. ‘लौंग गवाचा’ मला त्यामुळे चटकदार वाटते, पण पुन्हा लावावेसे वाटत नाही. ‘चेन्नई बास’मध्ये चिन्ना पोन्नूचा रांगडा गळा मात्र बासला जुमानत नाही. रॅपर डिव्हाइनसोबतच्या ‘जंगल राजा’तही शब्दच बीटला ओढत नेतात. पुढचा अल्बम ‘राजा बाजा’ २०१६मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, बंद छताखाली आला. त्याच वर्षी ‘कपूर अँड सन्स’मधले ‘लेट्स नाचो’ही आले. ते लग्नाच्या हॉलमध्ये अजून वाजते. त्यापलीकडे त्याबद्दल बोलण्यासारखे फारसे नाही.

या काळात गल्लीत काय चालले होते, याची समीक्षा कुणी लिहिली नाही. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांना सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात त्या स्पीकरच्या भिंतींसाठी गावोगावची पोरे घरच्या कॉम्प्युटरवर हलगी, संबळ आणि बेंजो कापून-जोडून मिक्स बनवतात. गणपतीचे वेगळे, भीमजयंतीचे वेगळे, हळदीचे वेगळे. गाण्याच्या ऐन मध्यात डीजेचे नाव गरजते, कारण फाइल पेन ड्राइव्हवरून फिरते आणि मालकी सांगायची दुसरी सोय नाही. यातले बरेचसे काम ढोबळ, कर्कश असते. पण हलगीचा कडकडाट बासच्या वर कसा तरंगत ठेवायचा, हे त्यातल्या काहींना मंचावरच्या नामवंतांपेक्षा नेमके समजते.

त्या भिंतीसमोर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल मी नाकारत नाही; खिडकीची तावदाने माझीही थरथरतात. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनातल्या डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला, तो उगाच नव्हे. मात्र मोठे महोत्सव परवान्यांच्या कागदपत्रांतून वाट काढत राहतात. सनबर्न २०१६मध्ये गोवा सोडून पुण्याजवळ केसनंदला आलाच. मिरवणुकीतल्या पोराची भिंत जप्त होते, आणि तिच्यासाठी केलेले मिक्स पुढच्या हंगामापर्यंत यूट्यूबवर पडून राहते. न्यूक्लियाने पुढच्या अल्बमसाठी गायक शोधण्याऐवजी या पोरांतलाच एखादा जोडीदार घेतला, तर ड्रॉपशिवायचा चढ कसा बांधायचा ते दोघांना मिळून शोधता येईल.