कान्होबाची वाट

मराठीत पायी चालण्याविषयीच्या गद्याचा विषय निघाला की तीन नावं हटकून पुढे येतात. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तला (१९४९) वारीवरचा लेख, गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि दि. बा. मोकाशींचं 'पालखी' (१९६४). यांपैकी 'पालखी'चं कौतुक सर्वांत जास्त झालं. १९८७मध्ये ते इंग्रजीतही गेलं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. चालण्यावरचं मोकाशींचं खरं पुस्तक 'पालखी' नव्हे, 'आनंद ओवरी' (१९७४) ही छोटी कादंबरी आहे. हे मत मला टेबलापाशी सुचलं नाही. गेल्या हिवाळ्यात देहू, भंडारा डोंगर आणि भामचंद्र अशी वाट एकट्यानं चाललो, तेव्हा सुचलं.

आधी 'पालखी'. मोकाशी श्रद्धेनं गेले नाहीत, कुतूहलानं गेले. तरी त्यांच्या नजरेत तुच्छता नाही. शेती, पैसा, घरची दुखणी यांविषयी वारकऱ्यांना ते बोलतं करतात. माणसं वाचावीत ती या पुस्तकात. पण रस्ता? तो जवळजवळ नाहीच. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी पुण्याला, तिथून सासवडला, मग जेजुरीला जाणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. उद्याचा मुक्काम कुठं, हा प्रश्नच चालणाऱ्याला पडत नाही. दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं, मुक्कामी राहुट्या उभ्या असतात. युरोपात हल्ली वाटाड्याशिवाय चालण्याच्या सुट्या विकल्या जातात. त्यांत बॅगा गाडीतून पुढच्या खानावळीत पोचवतात आणि गिऱ्हाईक हातात नकाशा घेऊन मोकळ्या अंगानं चालतं. ही सोय आपल्याकडे फार आधीपासून आहे, एवढाच तिचा अभिमान. फरक असा की तिकडे माणूस एकटा असतो आणि वाट त्यालाच ओळखावी लागते. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावरही खुणा आपोआप उगवल्या नाहीत. १९८०च्या दशकात एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूनं पिवळे बाण रंगवायला घेतले, तेव्हा एकट्यादुकट्याला तो मार्ग सापडू लागला.

आता कान्होबा. तुकाराम घर सोडून भामचंद्रावर जाऊन बसले आणि धाकटा भाऊ त्यांना सात दिवस शोधत होता, ही कथा देहूच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. भेट झाल्यावर दोघांनी कर्जखतं वाटून घेतली आणि तुकारामांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला. मोकाशींनी कादंबरी या भावाच्या तोंडी दिली, पण काळ नंतरचा घेतला: तुकाराम नाहीसे झालेत आणि कान्हा पुन्हा शोधतो आहे. या निवडीवर समीक्षकांनी भावाचं दुःख, घरच्या माणसाच्या डोळ्यांनी दिसणारा संत, अशा अंगानं लिहिलं. ते योग्यच आहे. मला दिसतं ते असं की शोधणाऱ्याला जमीन पाहावी लागते. नदीचा काठ, डोह, डोंगर, ओवरी, प्रत्येक जागी 'इथं असेल का?' हे विचारावं लागतं. 'पालखी'तल्या मोकाशींना जी गरज पडली नाही, ती कान्हाला पडते. म्हणून दिंडीवरच्या पुस्तकापेक्षा या कादंबरीत पायाखालची माती अधिक आहे.

हे पटायला ती वाट आज चालून पाहावी. देहूहून इंद्रायणी ओलांडून भंडाऱ्यापर्यंत ठीक. पुढे तळेगाव-चाकण रस्ता आडवा येतो. कंटेनरांची रांग तुटायची वाट पाहत मी कितीतरी वेळ उभा होतो. चाकणच्या बाजूला बाण पुष्कळ आहेत, सगळे कंपन्यांच्या गेटांकडे नेणारे. एका गेटवरच्या तरुण वॉचमननं आपुलकीनं विचारलं, "काका, कोणत्या कंपनीत जायचंय?" म्हटलं, भामचंद्रला. तो थोडा विचारात पडला. "नवीन आलीय का?"

त्याला हसण्यात अर्थ नाही. पट्ट्यात पायी चालणारा माणूस म्हणजे शिफ्टला निघालेला माणूस. आषाढीला तुकारामांची पालखी आकुर्डीला मुक्काम करून पिंपरीवरून पुण्याला जाते, तेव्हा वाहनं थांबतात आणि रस्ता पायांचा होतो. नंतर तो परत चाकांचा. पालखी महामार्गांची पायाभरणी नोव्हेंबर २०२१मध्ये झाली, त्यांत कडेनं चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी आहे. पण तुकारामांच्या नावाचा महामार्ग पाटसपासून सुरू होतो. कान्होबाच्या वाटेला असं काही नाही. या डोंगरांसाठी माणसं उभी राहिली नाहीत असं नाही: २००८मध्ये भामचंद्राच्या पायथ्याशी, शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राविरुद्ध गावकरी आणि वारकरी एकत्र आले, प्रकरण जाळपोळीपर्यंत गेलं आणि ते केंद्र तिथं झालं नाही. डोंगर राखण्यासाठी लोक जमले; दोन डोंगरांमधली वाट राखायला कोणी जमत नाही. वाट ही कोणाच्या मालकीची वस्तू वाटत नाही, म्हणून असेल.

'आनंद ओवरी'बद्दल माझी एक तक्रार मात्र आहे. या परिसरात सर्वांत जास्त कोण चाललं असेल? आवली. तुकाराम भंडाऱ्यावर, आणि ही रोज भाकरी घेऊन डोंगर चढणार. तिच्या पायात काटा रुतला आणि विठ्ठलानं तो काढला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि विठ्ठलाचं कौतुक करून घरी जातो. काट्याआधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांचं काय? तिचा चढ हा शोध नव्हे, यात्रा नव्हे, सुटी तर नव्हेच. मोकाशींसारख्या लेखकानं निवेदन भावाकडे दिलं, तेव्हा शोधाची वाट मिळाली. रोजची वाट राहून गेली. कर्व्यांनी दिंडीतल्या बायकांकडे निरखून पाहिलं होतं, पण त्याही घराबाहेर पडलेल्या बायका होत्या.

भंडाऱ्यावर आता गाडीरस्ता आहे. मी पायवाटेनं चढलो तेव्हा अर्ध्यावर दोन बायका टेकलेल्या दिसल्या. शेजारी स्टीलचा डबा होता. कुणासाठी नेताय, हे विचारायचं राहिलं.