परक्या शास्त्राचा परिचय : अमेरिकी भाषाशास्त्र आणि रशियन वाचक

परदेशी उदयास आलेले शास्त्र आपल्या वाचकांस परिचित करून देणे हे कार्य वरवर पाहता केवळ अनुवादाचे भासते. वस्तुतः ते त्याहून अवघड आहे. मूर्ती आणून गाभाऱ्यात ठेविली म्हणजे देवालय सिद्ध झाले, असे कोणी मानीत नाही. प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते. रशियन वाचकांस आधुनिक अमेरिकी भाषाशास्त्राचा जो परिचय घडला, त्याचे परीक्षण आम्ही याच कसोटीने करू इच्छितो.

निकोलाय मार याच्या मतांचे सोव्हिएत भाषाशास्त्रावरील वर्चस्व 1950 साली खुद्द स्टालिनच्या लेखांनी संपविले. तथापि पाश्चात्त्य संरचनावादाविषयीचा संशय लगेच मावळला नाही. अशा स्थितीत 1959 साली ग्लीसन यांचे वर्णनात्मक भाषाशास्त्राचे पाठ्यपुस्तक रशियनमध्ये आले, आणि 1960 पासून व्लादिमीर झ्वेगिन्त्सेव यांनी 'नोवोये व लिंग्विस्तिके', म्हणजे 'भाषाशास्त्रातील नवे', ही संग्रहमाला चालविली. नोम चॉम्स्की यांचा 1957 चा 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' हा ग्रंथ 1962 च्या दुसऱ्या खंडात रशियनमध्ये अवतरला. अवघ्या पाच वर्षांत हे साधले, ही तत्परता खरोखर अभिनंदनीय होय.

परंतु केवळ अनुवादाने दोन अडचणी उरतात. पहिली परिभाषेची. चॉम्स्की यांच्या व्याकरणास रशियनमध्ये 'पोरोझ्दायुश्चाया' हे विशेषण रूढ झाले. त्याच्या मुळाशी 'जन्म देणे' ही क्रिया आहे. मूळ अभिप्राय गणिती आहे : भाषेतील शुद्ध वाक्ये व त्यांची घडण निःसंदिग्ध नियमांनी निश्चित करणे. बोलणारा मनुष्य वाक्य कसे जुळवितो, याचे ते वर्णन नव्हे. इंग्रजी शब्दही या संदिग्धतेतून मुक्त नाही. पण रशियन शब्दाने ती अधिकच गडद केली, असे आमचे मत आहे.

दुसरी अडचण उदाहरणांची. इंग्रजीत कर्ता बहुधा स्थानावरून ओळखला जातो, रशियनमध्ये विभक्तीवरून. 'उत्तर आले नाही' हे रशियन मनुष्य दोन प्रकारे सांगतो : 'ओत्वेत न्ये प्रिशोल' आणि 'ओत्वेता न्ये प्रिश्लो'. पहिल्यात प्रथमा असून अपेक्षित असे विशिष्ट उत्तर आले नाही. दुसऱ्यात षष्ठी असून मुळी उत्तरच आले नाही. नकारामुळे घडणारा हा विभक्तिभेद इंग्रजी उदाहरणांवर पोसलेल्या वाचकास कोठून दिसावा? गंमत अशी, की याच प्रश्नावर 1980 साली लेनर्ड बॅबी या अमेरिकी अभ्यासकाने स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या दृष्टीने किब्रिक, कोबोझेवा व सेकेरिना यांनी संपादिलेला, अमेरिकी भाषाशास्त्राच्या मूलभूत प्रवाहांवरील 1997 चा रशियन ग्रंथ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तो अनुवादांचा संग्रह नसून परिचय करून देण्यासाठीच लिहिविलेल्या प्रकरणांचा आहे; चॉम्स्कीप्रणीत रूपवादी पक्षाबरोबर भाषेच्या कार्यावरून तिची घडण उलगडणाऱ्या पक्षासही त्यात स्थान आहे. एकाच आचार्याला संपूर्ण शास्त्र मानण्याचा मोह संपादकांनी टाळला, ही गोष्ट लहान नव्हे.

शिवाय हे शास्त्र रशियाला सर्वस्वी परके कधी नव्हतेच. मॉस्कोत जन्मलेले रोमान याकोब्सन 1941 मध्ये अमेरिकेत पोहोचले. त्यांचे शिष्य मॉरिस हाले यांनी 1959 मध्ये रशियन ध्वनिव्यवस्थेवरच आपला महत्त्वाचा ग्रंथ रचिला. म्हणून परिचयकर्त्याने वाचकास केवळ ग्रहण करणारा लेखू नये. त्याच्या भाषेलाही त्या शास्त्रात साक्षीदाराचा अधिकार आहे.

मराठी-कोकणी वाचकांनीही हे ध्यानी घ्यावे. अशोक केळकर यांनी 1958 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीवरच प्रबंध सिद्ध केला. 'रामाने पोळी खाल्ली' या वाक्यात क्रियापद रामाकडे न पाहता पोळीकडे का पाहते, हा प्रश्न परक्या सिद्धान्तास आपणच विचारावयाचा आहे. जो परिचयग्रंथ असा प्रश्न विचारण्यास वाचकाला समर्थ करील, तोच खरा परिचय होय.