निर्णयसागरी अक्षर आणि पोथीचें अक्षर

वरवट बकाल (जि. बुलढाणा) येथील एका घरच्या माळ्यावरून निघालेला एक रुमाल गेल्या पावसाळ्यांत पाहण्याचा योग आला. त्यांत अमरकोशाच्या दोन प्रती एकत्र बांधलेल्या होत्या. एक हातची, देशी कागदावरील, आद्यंतीं खंडित आणि म्हणूनच शकमितीवांचून. दुसरी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापलेली. हातच्या प्रतीच्या बहुतेक पानांवर जांभळ्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या आहेत, आणि ताडून पाहतां असें आढळलें कीं, त्या साऱ्या शेजारच्या छापील प्रतीवरून केलेल्या आहेत. पाठ बदलले तें एक वेळ समजण्यासारखें आहे. परंतु जेथें पाठ एकच असून केवळ अक्षराचें वळण निराळें, तेथेंही दुरुस्त करणारानें जुनें अक्षर खोडून त्याजवर छापील वळणाचें अक्षर गिरविलें आहे. हा गृहस्थ अडाणी नव्हे. त्याला संस्कृत येत होतें, हें त्याच्या समासांतील टिपांवरून उघड होतें. छापील पुस्तकांतील अक्षर हेंच खरें अक्षर आणि पोथींतील तें चुकलेलें, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत त्याच्या एकट्याची नाहीं, म्हणूनच या लेखाचें प्रयोजन.

निर्णयसागराची कीर्ति आपल्याकडे मुख्यतः शुद्ध छपाईबद्दल आणि ‘काव्यमाले’बद्दल गाइली जाते, आणि ती यथार्थ आहे. पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखालीं १८८६ पासून निघूं लागलेल्या त्या मालेनें जे ग्रंथ वांचविले ते वाळवी-पावसाच्या तडाख्यांत कदाचित् आज उरलेही नसते. पण ज्या अक्षरांत हें सारें छापलें गेलें त्या अक्षराचें परीक्षण मात्र संशोधकांनीं फारसें केलें नाहीं. अक्षर म्हणजे जणूं पाण्यासारखें रंगहीन, त्यांतून ग्रंथ आरपार दिसतो, असें आपण धरून चालतों. वस्तुतः तें एका विशिष्ट कारखान्यांत, विशिष्ट माणसांनीं, विशिष्ट आवडीनिवडीनें कोरलेलें अक्षर आहे.

जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांचें चरित्र बहुतेकांस ठाऊक आहे. गरिबीमुळें लहानपणींच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास लागले. तेथें टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखालीं देवनागरी खिळ्यांचें काम चालत असे. पुढें इतर छापखान्यांतून अनुभव घेऊन १८६४ त त्यांनीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. छापखाना त्यानंतर, १८६९ त. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. निर्णयसागर हा आधीं अक्षरांचा कारखाना होता आणि मग ग्रंथांचा. अक्षरें कोरण्याचें काम त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांचें. पोलादी कांबीच्या टोंकावर उलटें अक्षर कोरावयाचें, तें तांब्यांत ठोकून सांचा करावयाचा आणि सांच्यांत शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा, असा हा व्यवहार. यांत खरा कर्ता पोलाद कोरणारा. त्याच्या हाताला जें वळण तें हजारों खिळ्यांना, आणि त्या खिळ्यांवाटे लाखों वाचकांच्या डोळ्यांना. असें असतां जावजींचें नांव सर्वतोमुखीं आणि राणोजींचें नांव जाणत्यांपुरतें, हा आपल्याकडील नेहमींचाच न्याय होय. पोथीच्या लेखकानें निदान शेवटीं आपलें नांव-गांव लिहून ठेवलेलें असतें. खिळा कोरणारास ती सोय नाहीं.

आतां गुणाविषयीं. निर्णयसागरी अक्षर चांगलें कां दिसतें? पहिलें कारण असें कीं, तें बोरूला विसरलेलें नाहीं. बोरूचा कत तिरका कापलेला असल्यामुळें एका दिशेची रेघ जाड व दुसरीची बारीक उमटते. तो जाड-बारीकपणा राणोजींनीं पोलादांत राखला. दुसरें कारण जोडाक्षरें. द्ध, द्व, ह्म, ङ्ग, ष्ट्र अशीं जोडाक्षरें पोथीच्या पद्धतीनें एकाखालीं एक अथवा एकजीव कोरल्यामुळें खिळ्यांची संख्या शेंकडोंच्या घरांत गेली, जुळणाराचे कष्ट वाढले, पण ओळ तुटकी झाली नाहीं. पुढें ‘केसरी’साठीं टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप आरंभिला तो याच अवजडपणाला कंटाळून, वर्तमानपत्राची निकड आणि कोशाची निकड एक नव्हे. संस्कृत ग्रंथापुरतें पाहिलें तर निर्णयसागराचा निर्णय योग्यच होता. १८०५ त मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली गीता किंवा १८३१ पासून गणपत कृष्णाजींच्या शिळाछाप यंत्रावर निघूं लागलेलीं पंचांगें यांत लेखकाचा हातच छापला जात होता. सुट्या खिळ्यांनीं तो हात सुटणार हें ठरलेलें होतें. निर्णयसागरानें तो शक्य तितका धरून ठेवला.

येथपर्यंत स्तुति करणें सोपें आहे. यापुढें मात्र मतभेद नोंदविणें प्राप्त आहे. पोथीच्या हाताचें वळण राखूनही त्याचें वैविध्य निर्णयसागरानें राखलें नाहीं, आणि राखणें त्याला शक्यही नव्हतें. एकाच लेखकाच्या एकाच पानावर अ दोन प्रकारचा, झ आणि ण दोन प्रकारचे सांपडतात. जागा अपुरी असेल तर एक, मोकळी असेल तर दुसरा. कधीं मूळ प्रतींतला जसाचा तसा उतरलेला, कधीं संवयीचा. काळ, प्रांत, परंपरा यांचा माग लागतो तो याच फरकांवरून. खिळ्याच्या पेटींत मात्र प्रत्येक अक्षरास एक खण. ज्याला खण मिळाला तें अक्षर शुद्ध ठरलें, बाकीचीं निराधार झालीं.

याहून सूक्ष्म आणि पाठचिकित्सेच्या दृष्टीनें अधिक घातक परिणाम आणखी एक आहे. पोथींतील चुका पुष्कळदां अक्षरसाम्यामुळें होतात. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, ष आणि प हीं बोरूच्या घाईच्या हातांत एकमेकांजवळ येतात, आणि नकल करणारा एकाच्या जागीं दुसरें वाचतो. पोथी समोर असतां ही चूक सहज उमगते व मूळ पाठ कोणता असावा हेंही तिच्यावरूनच सुचतें. तीच चूक निर्णयसागरी अक्षरांत तळटीपेमध्यें ‘क’ किंवा ‘ख’ प्रतीचा पाठ म्हणून छापली कीं ती निव्वळ मूर्खपणाची वाटते, कारण या छापांत ध आणि घ यांच्यांत तिळमात्र संशय उरलेला नसतो. छापाचा स्वच्छपणा हाच येथें साक्षीदाराचें तोंड बंद करतो. काव्यमालेच्या संपादकांनीं पुष्कळ ठिकाणीं प्रत कोणाकडून मिळाली हें कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. पण तिचें वळण कसें, कोणतीं अक्षरें एकमेकांसारखीं दिसतात, हें सांगण्याची त्या काळीं रीत नव्हती. त्यांस दोष द्यावयाचा नाहीं. परंतु त्यांच्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटल्यावरही आपण तळटीपा तशाच वाचतों, हा दोष आपला आहे.

मोडी कागदांच्या बाबतींत तर प्रकरण अधिकच अवघड झालें. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण श्रीरामपुरास १८०५ त निघालें तें देवनागरींत. १८१० त त्यांचा कोश निघाला तो मोडी खिळ्यांनीं. म्हणजे मोडीचे खिळे पाडतां येत नाहींत असें नव्हे. पण बंगाल्यांत जन्मलेल्या त्या खिळ्यांची परंपरा महाराष्ट्रांत रुजली नाहीं. येथें मोडी छापली गेली ती शिळाछापावर. ऐतिहासिक कागद छापण्याची वेळ आली तेव्हां बाळबोध खिळे हाताशीं सिद्ध होते, वाचकही त्यांस सरावलेला होता. राजवाड्यांनीं १८९८ त ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला तो बाळबोधींतच, आणि पुढील सर्व संशोधकांनीं तोच मार्ग धरला. याला दुसरा इलाज नव्हता हें खरें. पण काय गमावलें तें तरी मोजावयास हवें होतें. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. शब्द सुटे लिहिलेले नसतात. आधीं ओढलेल्या सलग रेघेखालीं लेखणी न उचलतां मजकूर धांवतो. बाळबोध खिळ्यानें तो छापावयाचा म्हणजे प्रत्येक ठिकाणीं ऱ्हस्व कीं दीर्घ, येथें शब्द तोडावा कीं न तोडावा, हा निवाडा संपादकानें करावयाचा. छापलेल्या पानावर मात्र निवाड्याची खूण राहत नाहीं. कागदच तसा होता असें भासतें. आडनांवें, गांवांची नांवें आणि अंक यांच्यासंबंधाचे आपले कित्येक वाद मुळांत कागदाचे नसून या निवाड्याचे आहेत, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हा सर्व दोष एका कारखान्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. निर्णयसागरानें फक्त इतकें चांगलें अक्षर केलें कीं लोकांनीं त्याला अक्षराचा नमुना न समजतां अक्षरच समजलें. पुढें देवनागरी खिळे पाडणाऱ्या पुष्कळांनीं त्याचीच मापें समोर ठेविलीं. शिशाचा व्यवहार संपून संगणक आला, जुना छापखाना बंद पडला, तरी संस्कृत ग्रंथ छापावयाचा म्हणजे वळण ‘निर्णयसागरी’ हवें ही अपेक्षा गेली नाहीं. मराठी ल आणि श यांचेंच पाहावें. मधल्या काळांत पुस्तकांत व पडद्यावर हिंदी वळणाचे ल-श सरसकट शिरले. ६ नोव्हेंबर २००९ रोजीं महाराष्ट्र शासनानें निर्णय काढून पाकळीचा ल आणि गांठीचा श मराठीसाठीं प्रमाण ठरविले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु पोथी चाळणारास त्यांत एक गंमत दिसते: जुन्या पोथ्यांतून ल आणि श यांचीं याहून कितीतरी अधिक वळणें सुखानें एकत्र नांदत होतीं, आणि त्यांतील कोणतें मराठी व कोणतें परकें हा प्रश्न लेखकांना पडलेला दिसत नाहीं. भांडण पोथींतून आलेलें नाहीं. तें खिळ्याच्या खणांतून आलें आहे.

अलीकडे दोन गोष्टी अशा घडल्या कीं त्यांकडे संग्राहकांनीं दुर्लक्ष करूं नये. एक, २०१४ त मोडी लिपीला युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान मिळालें. मोडी कागद मोडींतच छापून त्याखालीं बाळबोध वाचन देणें आतां अशक्य नाहीं, खर्चाचेंही नाहीं. उणीव आहे ती इच्छेची. दुसरी, मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेनें जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांचें वळण समोर ठेवून ‘जैनी’ नांवाचा टंक केला. तो पाहतांना प्रथम डोळ्यांस अडखळल्यासारखें होतें; ठेंगण्या, रुंद कताच्या, पान भरून टाकणाऱ्या त्या अक्षरांची आपली संवय मोडलेली आहे. पण हें अडखळणेंच हितावह समजावें. निर्णयसागरापूर्वीं देवनागरीला दुसरें रूप होतें, तेंही तितकेंच सुसंस्कृत होतें, ही आठवण त्यानें होते. मात्र एक सावधगिरी हवी. ‘जैनी’ हाही शेवटीं एकच हात गोठवून केलेला खिळाच आहे. त्याला ‘पोथीचें अक्षर’ म्हणून डोक्यावर घेतलें तर पहिलीच चूक दुसऱ्या रूपांत होईल.

वरवटच्या अमरकोशाकडे पुन्हां वळूं. त्याच्या दुरुस्त्यांत सर्वांत अधिक वेळां आढळते ती ष खोडून ख करण्याची. हातच्या प्रतींत खकाराच्या जागीं ष लिहिलेला आहे, आणि दुरुस्त करणारास ती घोर अशुद्धि वाटली असावी. पण ख हा ‘रव’ असा वाचला जाण्याचा संभव असल्यामुळें त्याच्या जागीं ष लिहिण्याची रीत जुनी आहे. उत्तर हिंदुस्थानच्या लेखनांत तर ती रूढच होती. वरवट बकालच्या उत्तरेस सातपुडा, आणि त्यापलीकडे बऱ्हाणपूर व नेमाड. ही पोथी किंवा तिची मूळ प्रत डोंगर ओलांडून तिकडून आली असावी, असा तर्क या षकारावरून करतां येतो, आणि वऱ्हाडांतील विद्येचे धागे पैठण-काशीखेरीज आणखी कोठें जोडले होते याचा तो एक लहानसा पुरावा ठरला असता. एका पोथीवरून यापलीकडे जाणें धाडसाचें होईल. आजूबाजूच्या गांवांतील आणखी पांचपंचवीस पोथ्या पाहिल्या पाहिजेत, आणि पाहतांना षकार-खकाराची नोंद वेगळी ठेविली पाहिजे. आपल्या सूच्यांमध्यें पानांची लांबीरुंदी, ओळी, शक हे रकाने असतात. वळणाचा रकाना बहुधा नसतो.

या प्रतीची नोंद करतांना पेन्सिलीचा हात ‘दुसरा हात, छापील प्रतीवरून’ असा स्वतंत्र दाखविला आहे. पेन्सिल पुसून काढावी अशी मालकांची इच्छा होती. तसें करूं नये, अशी त्यांस विनंति केली, कारण तीही आतां या पोथीच्या इतिहासाचा भाग आहे. दुसऱ्या कांडांतील तीन पानें एकमेकांस चिकटलेलीं असल्यामुळें दुरुस्त करणाराच्या हातून सुटलीं होतीं. तीं वाफेवर हलकेच सोडविलीं. त्यांत सात ष जसेच्या तसे आहेत.