मार्शमॅलोची ‘परीक्षा’ नेमकी कोणाची?

वॉल्टर मिशेल यांचे ‘द मार्शमॅलो टेस्ट’ (२०१४) हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. माझी तक्रार आहे ती त्याच्या नावातील ‘टेस्ट’ या शब्दाबद्दल.

मूळ प्रयोग १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू झाले. मुलाला सांगायचे, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर तुझ्या जास्त आवडीचा खाऊ, धीर धरवला नाही तर घंटी वाजव, पण मग कमी आवडीचा मिळेल.’ (मार्शमॅलो म्हणजे साखर-जिलेटिनची मऊ वडी; ती नंतरच्या प्रयोगांत आली.) १९७०च्या निबंधात दोन्ही खाऊ समोर असताना मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली; दोन्ही दृष्टीआड केल्यावर अकरा मिनिटांहून अधिक. मुले एकाच बालवाडीतली, गटही यदृच्छेने पाडलेले. मग हा मोह मुलाच्या स्वभावात मोजायचा की टेबलावरच्या मांडणीत?

पुढे १९९० साली थांबण्याचा कालावधी आणि महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतील गुण यांचा संबंध जाहीर झाला आणि ‘थांबणारे मूल यशस्वी’ हे समीकरण जगभर पसरले. गुणांबाबतचा तो गाजलेला आकडा अवघ्या ३५ मुलांवर बेतलेला होता, तीही विद्यापीठाच्या परिसरातली! २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. संबंध निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेताच त्यातलाही सुमारे दोनतृतीयांश भाग गळाला.

मला सर्वांत बोलका वाटतो तो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३चा प्रयोग. मुले फक्त २८, तेव्हा हात राखूनच बोलले पाहिजे. आधी बाईंनी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दिले. निम्म्या मुलांपुरते ते पाळले, बाकीच्यांना ‘सॉरी, शिल्लक नाही’ म्हणून सांगितले. नंतर मार्शमॅलो ठेवला. पहिला गट सरासरी बारा मिनिटे थांबला, दुसरा तीन. एकदा फसलेल्या मुलाने हातातले खाऊन टाकले तर त्याला उतावळे का म्हणायचे? त्याचा हिशेब चोखच आहे.

मिशेल यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५८च्या त्यांच्या त्रिनिदादमधील अभ्यासातच, वडील घरी नसलेली मुले लगेच मिळणारा लहान खाऊ अधिक पसंत करतात असे दिसले होते. पुस्तकात विश्वासाचा हा मुद्दा येतो, पण ओझरता. संयमाच्या युक्त्यांना मात्र प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात.