सर्व हक्क स्वाधीन

मराठी पुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर 'सर्व हक्क स्वाधीन' ही अक्षरे आपण लहानपणापासून पाहत आलो. देवळाबाहेर वहाणा काढाव्यात, तितक्याच मुकाट्याने आपण ती मानतो. मीही मानीत असे. गेल्या वर्षी एका हयात कवीवरील माझा लेख एका संपादकांनी परत पाठवला, तेव्हा मात्र त्या अक्षरांचा अर्थ शोधणे भाग पडले. "उद्धृत ओळींना परवानगी आहे काय? नसल्यास गाळाव्यात," असा शेरा होता. आता ओळी गाळून कवितेवर लिहायचे, म्हणजे गाणे न ऐकवता गायकाची तारीफ करायची!

मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. आमचे ग्रंथपाल अल्पभाषी. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला आणि ५२ वे कलम उघडून समोर ठेवले. त्याच्या आरंभीच समीक्षकाची सनद आहे. टीकेसाठी वा परीक्षणासाठी एखाद्या कृतीचा उचित वापर केला, तर हक्कभंग होत नाही. आणि ती टीका त्याच कृतीवर हवी असेही नाही, दुसऱ्या कृतीवरही चालते. तुलनेसाठी माझ्या लेखात मर्ढेकर आले होते, त्यांची तर काळजीच नव्हती. लेखकाच्या निधनानंतर हक्क ६० वर्षे टिकतो (पूर्वी ५० होती, १९९२ च्या दुरुस्तीने वाढली). मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता १ जानेवारी २०१७ पासून सर्वांच्या झाल्या.

"पण किती ओळी चालतील?" मी विचारले.

"आकडा कायद्यात नाही," ग्रंथपाल म्हणाले. "लेखात त्या ओळींचं काम काय, ते बघा."

हे उत्तर मला झोंबले. घरी येऊन लेख पुन्हा वाचला. उतारे सात. चार ठिकाणी मी लय, प्रतिमा, शब्दांची ठेवण उकलून दाखवली होती. उरलेल्या तिन्ही ठिकाणी ओळी मांडून 'किती हृद्य!' म्हणत पुढे सरकलो होतो. त्यातली एक तर अख्खी कविता! तेथे समीक्षा नव्हतीच. दुसऱ्याच्या बागेतली फुले तोडून आपली परडी भरलेली होती.

आपल्याकडची पुष्कळ रसग्रहणे अशीच असतात, हे सांगताना माझा स्वर थोडा उतरतो. उतारे काढून घ्या, मागे चार विशेषणे राहतील. एकीकडे संपादक दोन ओळींना भितात. दुसरीकडे ऐन दिवाळीत फोनवरून संपूर्ण कविता कवीच्या नावावाचून घरोघर फिरतात, आणि तिथे कोणालाच शंका येत नाही. वास्तविक कवीने हक्क विकला, तरी आपल्या नावावरचा त्याचा हक्क ५७ व्या कलमाने शाबूत राहतो.

मी तीनांपैकी दोन उतारे काढले. अख्ख्या कवितेचा मोह सुटेना, म्हणून लेखाची प्रत जोडून कवींना पत्र लिहिले. चार उताऱ्यांसाठी मात्र कलमाचा आकडा संपादकांना कळवला. लेख छापून येण्यापूर्वी कवींचे उत्तर आले: "परवानगी आहे. मात्र दुसऱ्या कडव्यातला एक शब्द आपण चुकीचा उतरवला आहे, आणि त्यावरच आपण अर्धे पान लिहिले आहे."