प्रगत इंग्रजी परीक्षेतील श्रवण आणि वाचन : ग्रामीण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या विषयातील गुणांबरोबर इंग्रजीच्या एखाद्या मान्यताप्राप्त परीक्षेतील श्रेणीही बहुधा सादर करावी लागते. आयईएलटीएस, टोफेल आणि केंब्रिजची सी-१ ॲडव्हान्स्ड या त्यांपैकी प्रमुख परीक्षा होत. हा विषय फार काळ मुंबई-पुण्याच्या इंग्रजी माध्यमाच्या घरांपुरता मानला गेला. राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. विषयात उत्तम गती असलेला, शिष्यवृत्तीला पात्र ठरणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या बिनशर्त प्रवेशपत्राच्या उंबरठ्यावर अर्ध्या बँडने अडतो, तेव्हा तो नेमका कशात कमी पडला, हा प्रश्न आपण प्राध्यापकांनी विचारला पाहिजे. तो भाषेत कमी पडला, परीक्षेच्या रीतीत कमी पडला, की आपण त्याला जे कधी शिकवलेच नाही त्यात कमी पडला?

प्रस्तुत लेखात या परीक्षांच्या श्रवण व वाचन या दोनच घटकांची चिकित्सा केली आहे. लेखन आणि संभाषण यांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. 'स्पोकन इंग्लिश'च्या पाट्या तालुक्याच्या प्रत्येक चौकात दिसतात. 'लिसनिंग इंग्लिश'ची पाटी मात्र अद्याप पाहण्यात आलेली नाही.

श्रवण : एकदा की दोनदा?

आयईएलटीएसच्या श्रवण विभागात सुमारे ३० मिनिटांत चार भाग व ४० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. केंब्रिजच्या १९९१ साली सुरू झालेल्या आणि आज सी-१ ॲडव्हान्स्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेत सुमारे ४० मिनिटांत चार भाग व ३० प्रश्न असतात, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवले जाते. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्यामागे श्रवण म्हणजे काय याविषयीच्या दोन वेगळ्या कल्पना आहेत. व्याख्यान एकदाच होते, म्हणून एकदाच ऐकवणे वास्तवाला धरून आहे, असे म्हणता येईल. पण वास्तवात श्रोता हात वर करतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, वक्त्याच्या चेहऱ्यावरून अर्थ ताडतो. परीक्षेत यांपैकी काहीच नाही. एक उत्तर निसटले की विद्यार्थी त्याच्या मागे धावतो आणि पुढची दोनही गमावतो. अशा वेळी मोजली जाते ती भाषेबरोबरच धीराची आणि स्मरणाची ताकद. प्रस्तुत लेखिकेच्या मते दोनदा ऐकवण्याची पद्धत अधिक न्याय्य आहे. मात्र ज्या विद्यापीठाला जी परीक्षा हवी ती द्यावीच लागते, त्यामुळे तयारी कठोर पद्धतीचीच करणे भाग आहे.

ही तयारी आपल्या वर्गात होते काय? महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून येतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या मूल्यमापनात ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत परीक्षेला आहेत, म्हणजे श्रवणाला कागदोपत्री जागा आहे. प्रत्यक्षात काय घडते ते आपण सर्व जाणतो. शिक्षक धड्यातील एक वाक्य इंग्रजीतून वाचतो आणि लगेच त्याचे मराठी करून सांगतो. विद्यार्थी इंग्रजी वाक्याच्या वेळी वाट पाहतो आणि मराठी वाक्याच्या वेळी ऐकतो. इंग्रजीच्या तासाला श्रवण होते ते मराठीचे. तर्खडकर भाषांतर पाठमालेने आपल्या अनेक पिढ्यांना इंग्रजीचे व्याकरण दिले, हे ऋण मान्यच आहे. परंतु त्या परंपरेने इंग्रजी ही डोळ्यांची भाषा केली, कानांची केली नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथील उच्च शिक्षणाचे केंद्र असलेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, गोरे अधिकारी होते, पण ती इंग्रजी छावणीच्या आत बोलली जाई. गावाच्या कानावर ती हुकुमापलीकडे फारशी पडली नसावी.

डोळ्यांना ओळखीचा, कानाला परका

या डोळ्यांच्या इंग्रजीचा परिणाम परीक्षेत स्पष्ट दिसतो. विद्यार्थ्याला 'व्हेजिटेबल' हा शब्द ठाऊक असतो, पण ध्वनिमुद्रणातील 'व्हेज्टबल' तो ओळखत नाही. 'कम्फर्टेबल' ठाऊक, 'कम्फ्टबल' अनोळखी. मराठीत प्रत्येक अक्षराला आपापला उच्चार जवळपास सारख्या वजनाने मिळतो. इंग्रजीत एका अक्षरावर आघात पडतो आणि बाकीची आक्रसतात. 'ऑफ', 'हॅव', 'टू' यांसारखी लहान पदे तर शेजारच्या शब्दात विरून जातात. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत त्या जागी दोन ध्वनी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद शुद्धलेखनात कडक असला तरी बोलण्यात तो क्वचितच अर्थ बदलतो. इंग्रजीत मात्र 'शिप' आणि 'शीप' हे दोन वेगळे पदार्थ आहेत. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतील गोंधळ तर हमखास, आणि श्रवणाच्या पहिल्या भागात तारखा, रकमा व दूरध्वनी क्रमांक विचारले जात असल्याने तो गुणांच्या रूपाने मोजला जातो.

उच्चार देवनागरीत छापणारी मार्गदर्शके येथे अर्धीच मदत करतात. ती शब्द सुटा देतात, आणि सुटा शब्द हाच मुळात परीक्षेत कधी ऐकू येत नाही.

तरीही 'ग्रामीण विद्यार्थ्याला ऐकण्याची सवय नाही' हे विधान, जे शिक्षकांच्या खोलीत वारंवार ऐकू येते, ते मला मान्य नाही. हिंगोली हा नरसी नामदेवचा जिल्हा आहे. येथील मुले गावातील सप्ताहात रात्री दोन-दोन तास कीर्तन ऐकतात. कीर्तनकार अभंगाचे चरण घेतो, निरूपण करतो, दृष्टांतात शिरतो, दृष्टांतातून विनोदात जातो आणि पुन्हा मूळ चरणावर येतो. तो नेमका कोठे परतला हे समोरच्या दहावीतल्या मुलालाही कळते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. ज्या भाषेच्या परंपरेत अवधानाला एवढे मोल आहे, तेथील श्रोता कच्चा कसा? आयईएलटीएसचा चौथा भाग म्हणजे एका वक्त्याचे शैक्षणिक व्याख्यान असते, आणि त्याची बांधणी निरूपणाहून फार वेगळी नसते : विधान, उदाहरण, आक्षेप, परत विधान. विद्यार्थ्याला न ओळखता येणारी गोष्ट म्हणजे वळणे दाखवणारे इंग्रजी शब्द, 'हाउएव्हर', 'दॅट सेड', 'विच ब्रिंग्ज मी टू'. कीर्तनातील 'म्हणून', 'आता पाहा', 'तात्पर्य' यांच्याशी त्यांची सांगड वर्गात घालून दाखवली, तर व्याख्यानाचा आराखडा त्याच्या हाती येतो. अवधान त्याच्यापाशी आहेच. ते परक्या ध्वनींवर टिकवण्याचा सराव नाही.

कोणाची इंग्रजी?

येथे परीक्षेवरील एक मूलभूत आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली आणि भारताला दुसऱ्या, म्हणजे बाह्य वर्तुळात ठेवले. श्रवण परीक्षेतील आवाज प्रामुख्याने आतल्या वर्तुळातील असतात : ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकन. मँचेस्टरला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते उपयोगी आहेत, यात शंका नाही. परंतु त्याच्या वर्गात चिनी, नायजेरियन आणि अरब सहाध्यायीही असणार, आणि त्यांची इंग्रजी या ध्वनिमुद्रणांत जवळजवळ नसते. फार लांब जाण्याचेही कारण नाही. सिद्धेश्वर धरणाच्या याच औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. अमेरिकेतील दोन वेधशाळांच्या साखळीत ती काम करील. तेथे बोलली जाणारी इंग्रजी बंगाली, तमिळ, अमेरिकन, इटालियन, जपानी अशा अनेक वळणांची असेल. त्या वेधशाळेत आपल्या परिसरातील तरुण केवळ पहारेकरी म्हणून राहणार की तंत्रज्ञ आणि संशोधक म्हणून, हे काही अंशी त्याच्या कानावर अवलंबून आहे. 'प्रगत' श्रवणाची परीक्षा यापैकी किती मोजते? उत्तर फारसे समाधानकारक नाही.

वाचन : मजकुराचे मौन

आयईएलटीएसच्या ॲकॅडेमिक वाचन विभागात तीन उतारे मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द, ४० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. कागदावरील श्रवण परीक्षेत उत्तरे उतरवून घेण्यास मिळणारी जादा १० मिनिटे येथे मिळत नाहीत. वर्षभरात काही मोजके धडे, तेही मराठी अर्थासह, वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही गती दमछाक करणारी आहे. दोन्ही विभागांत स्पेलिंग चुकले की उत्तर चुकते, आणि 'दोनपेक्षा अधिक शब्द नकोत' असे सांगितले असता तीन लिहिले तरी चुकते. हा दुसरा नियम मला कठोर वाटत नाही. सूचना वाचणे हेही वाचनच आहे.

या विभागातील सर्वांत लक्षणीय प्रश्नप्रकार म्हणजे 'खरे, खोटे, दिलेले नाही'. आपला हुशार विद्यार्थी येथेच सर्वाधिक अडखळतो, आणि त्याची कारणे भाषेपलीकडची आहेत. 'खोटे' म्हणजे मजकूर त्या विधानाच्या विरुद्ध सांगतो. 'दिलेले नाही' म्हणजे मजकूर त्याबाबत गप्प आहे. विधान वास्तवात खरे आहे की नाही, याच्याशी वाचकाचे देणेघेणे नसते. गाइडवर वाढलेल्या विद्यार्थ्याची सवय नेमकी उलट आहे : प्रश्न दिसला की स्वतःला जे ठाऊक आहे ते लिहायचे, जागा रिकामी ठेवायची नाही. मजकूर कोठे थांबला आणि आपली समजूत कोठून सुरू झाली, ही सीमारेषा त्याला कोणी दाखवलेलीच नसते. एकही परदेशी विद्यापीठ नसते तरी हा प्रश्नप्रकार आपल्या वर्गात आणण्याजोगा आहे. इतिहासाच्या साधनांपासून शासन निर्णयापर्यंत सर्वत्र हीच सीमारेषा महत्त्वाची ठरते. तो मराठी उताऱ्यांवर आधी करून घेतल्यास अधिकच उत्तम, कारण तेव्हा अडचण भाषेची की विचाराची हे वेगळे करता येते.

मात्र शिकवणी वर्ग याच प्रश्नाची युक्ती करून टाकतात : विधानात 'ऑल' किंवा 'ओन्ली' दिसले की 'खोटे' लिहा, उतारा वाचू नका, प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधा. ऑल्डरसन आणि वॉल यांनी १९९३ मध्ये परीक्षेचा अध्यापनावर उलटा परिणाम खरोखर होतो काय, असा प्रश्न उपस्थित केला होता आणि परिणाम गृहीत न धरता वर्गात जाऊन तपासावा, असे सुचवले होते. आपल्याकडे तो परिणाम तपासणारे काम व्हावयास हवे. युक्त्यांनी काही गुण मिळत नाहीत असे नाही. ४० पैकी साधारण २३ उत्तरे बरोबर आली की वाचनात सहा बँड मिळतो आणि सातसाठी साधारण ३० लागतात. युक्ती विद्यार्थ्याला कदाचित सहापर्यंत नेते; सहा ते सात हे सात उत्तरांचे अंतर मात्र वाचलेल्या पानांनीच तुटते. आणि प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात शंभर पानांची वाचनयादी हाती पडते, तेव्हा युक्ती कामाची नसते.

महाविद्यालयात काय करता येईल

एन. एस. प्रभू यांच्या १९७९ ते १९८४ मधील बंगलोर प्रकल्पाने दाखवले की दक्षिण भारतातील साध्या शाळांतही विद्यार्थ्यांना व्याकरणाऐवजी अर्थावर लक्ष वेधणारी कामे देऊन इंग्रजी शिकवता येते. नकाशा, वेळापत्रक, अंतराची गणिते यांसारखे साहित्य त्यांनी वापरले. महागडी भाषा प्रयोगशाळा लागली नाही. आपल्याकडे तर आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण ऐकवणारा भ्रमणध्वनी आहे. आठवड्यातील एक तास भाषांतराविना घ्यावा. पाच मिनिटांचे इंग्रजी व्याख्यान प्रथम एकदाच ऐकवावे, विद्यार्थ्यांनी टिपणे घ्यावीत, मग दुसऱ्यांदा ऐकवून काय निसटले ते त्यांनीच शोधावे, आणि तिसऱ्या वेळी लिखित संहिता हाती द्यावी. डोळा आणि कान यांची गाठ त्या तिसऱ्या वेळी पडते. अशा तासाला पहिले चार-पाच आठवडे वर्गात अस्वस्थ शांतता असते आणि 'मॅडम, मराठीत सांगा' ही विनंती येत राहते. ती तेवढे दिवस न मानणे, एवढेच शिक्षकाकडून अपेक्षित आहे. आयईएलटीएसच्या गुणपत्रिकेची ग्राह्यता सामान्यतः दोन वर्षांची असल्याने परीक्षा पदवीच्या अखेरच्या वर्षात द्यावी; हा तास मात्र प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रातच वेळापत्रकात यावयास हवा.